हायफाय प्रदर्शन आणि आपले कान

आपल्या बोलण्यांत ‘हायफाय’ हा शब्द आतां इतका रुळला आहे कीं, त्याचा मूळ अर्थ कोणी विचारल्यास पुष्कळांस तो सांगतां येणार नाहीं. एखादें घर झगमगीत दिसलें, एखाद्या लग्नांत पाण्यासारखा पैसा खर्च झाला, कीं आपण सहज म्हणतों, “मोठें हायफाय काम आहे बुवा !” श्रीमंती, थाटमाट, डामडौल असा त्याचा अर्थ आपण घेतों. परंतु मूळच्या इंग्रजी शब्दांत श्रीमंतीचा मागमूसही नाहीं. तो दोन शब्दांचा संक्षेप असून ‘उच्च प्रतीचें इमान’ असा त्याचा सरळ अर्थ होतो. गवयानें जें गाइलें, वादकानें जें वाजविलें, त्याशीं यंत्रानें इमान राखावें, पदरचें कांहीं घालूं नये व त्यांतलें कांहीं गाळूं नये, एवढीच प्रतिज्ञा त्या शब्दांत आहे. इमानाचा वाचक असलेला शब्द थाटाचा वाचक कसा झाला, हें ज्यास समजून घ्यावयाचें असेल त्यानें ध्वनियंत्रांच्या एखाद्या मोठ्या प्रदर्शनाचा विचार करावा. कारण तेथें हे दोन्ही अर्थ एकाच खोलींत शेजारीं शेजारीं बसलेले आढळतात. त्यांची निवड कशी करावी, हें सांगण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

असलीं प्रदर्शनें आज जगांत अनेक ठिकाणीं भरतात. त्यांपैकीं फार नांवाजलेलें म्हणजे जर्मनींतील ‘हाय एंड’ हें होय. तें प्रथम १९८२ सालीं ड्युसेलडॉर्फ येथें भरलें. पुढें २००४ पासून २०२५ पर्यंत, सांथीमुळें मध्यंतरीं पडलेला खंड सोडल्यास, तें म्यूनिक शहरीं भरत आलें. २०२६ सालासाठीं व्हिएन्ना शहर ठरविण्यांत आलें. निरनिराळ्या देशांचे कारखानदार तेथें खोल्या घेतात, आपापलीं यंत्रें मांडतात, आणि प्रेक्षक एका खोलींतून दुसऱ्या खोलींत जाऊन ऐकत फिरतात. कोठें पुरुषभर उंचीचे कर्णे उभे असतात, कोठें कांचेच्या दिव्यांतून तांबूस प्रकाश फांकत असतो, कोठें चकचकीत धातूची पेटी देव्हाऱ्यासारखी मांडलेली असते. कांहीं संचांची किंमत रुपयांच्या हिशेबानें कोटींच्या घरांत जाते. असें सर्व पाहून पाहणारा प्रथम दिपतो, आणि दिपलेला मनुष्य बरोबर ऐकूं शकत नाहीं. म्हणून आपण क्षणभर डोळे मिटून, ध्वनि ज्या वाटेनें येतो त्या वाटेनें पायरी पायरीनें जाऊं.

पहिली पायरी तबकडीची. एडिसननें १८७७ सालीं फोनोग्राफ सिद्ध केला. त्यांत कथलाच्या पत्र्यावर सुईनें ध्वनि कोरला जाई. पुढें बर्लिनरनें सपाट तबकडी आणली, आणि १९४८ सालीं मिनिटास ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ वेळेची तबकडी निघाली. प्रदर्शनांत आजही तिचा मान मोठा आहे. तिचा फेरा एकाच वेगाचा असला, तरी सुईखालून सरकणाऱ्या खांचेचा वेग सर्वत्र सारखा नसतो. बाहेरच्या कडेशीं ती सेकंदास सुमारें ५० सेंटिमीटर सरकते, तर आंतल्या टोकाशीं अवघी २० च्या आसपास. म्हणजे तेवढेंच गाणें आंत दाटीनें लिहावें लागतें, आणि बाजूच्या शेवटचें गीत पहिल्या गीताइतकें स्वच्छ उमटणें कठिण होतें. हा दोष सोन्याच्या सुईनेंही समूळ जात नाहीं. जातें तें दुसरेंच : वेगाची अस्थिरता. वेग शेंकडा सुमारें सहानें वाढला, कीं षड्जाचा कोमल ऋषभ होतो. त्याहून पुष्कळ लहान हेलकावेही लांबलेल्या स्वरांत कानास बोंचतात. जात्याच्या दगडासारखी जड चकती या यंत्रांस कां बसवितात, याचें कारण हें आहे. जड वस्तु एकदां फिरूं लागली कीं तिचा वेग सहज बदलत नाहीं. तेव्हां त्या वजनांत डौल असला, तरी कामही आहे.

दुसरी वाट अंकांची. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें ध्वनीच्या लाटेची उंची सेकंदास ४४,१०० वेळां मोजून लिहिलेली असते, आणि प्रत्येक माप ६५,५३६ पायऱ्यांपैकीं एका पायरीवर बसविलेलें असतें. हे आंकडे कोणी लहरीनें ठरविलेले नाहींत. तरुण व निरोगी मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें ऐकूं येतात. आणि गणितशास्त्राचा सिद्धान्त असा आहे कीं, कोणतेंही कंपन पूर्णपणें परत मिळवावयाचें तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां मोजणें पुरेसें असतें. चाळीस हजारांच्या वर थोडें माप घेतलें, ते यासाठीं. आतां सेकंदास ९६,००० व १,९२,००० मापांचीं ध्वनिमुद्रणेंही विकलीं जातात. त्यांपासून कानास खरोखर लाभ किती, हा वादाचा प्रश्न आहे. त्याकडे आपण पुढें येऊं.

तिसरी पायरी ॲम्प्लिफायरची, म्हणजे ध्वनीच्या क्षीण विद्युत्संदेशास बळ देणाऱ्या यंत्राची. यांत दोन पंथ आहेत. एक, कांचेच्या नळीच्या व्हॉल्व्हचा. दुसरा, १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत शोधून काढलेल्या ट्रान्झिस्टरचा. मापाच्या दृष्टीनें पाहतां दुसरा पंथ इमानांत बहुधा सरस ठरतो. तरी पहिल्याचे भक्त प्रदर्शनांत थोडे नसतात. ते म्हणतात, व्हॉल्व्हच्या आवाजांत ऊब असते. ही ऊब निव्वळ भ्रम नव्हे. अशा पुष्कळ यंत्रांत मूळ स्वराबरोबर दुप्पट कंपनांचा एक स्वर नकळत मिसळतो. दुप्पट कंपनें म्हणजे वरच्या सप्तकांतील तोच स्वर. आपण सा लावला तर यंत्र त्यांत हळूच तार षड्ज मिळवितें. तो सुसंवादी असल्यामुळें कान तक्रार करीत नाहीं, उलट स्वर भरदार वाटतो. परंतु गवयानें जें गाइलें नाहीं तें यंत्रानें घातलें, हें विसरतां कामा नये. भेसळ गोड असली तरी ती भेसळच. ज्यास ती आवडते त्यानें ती खुशाल घ्यावी. मात्र तिला इमान म्हणूं नये.

चौथी पायरी लाउडस्पीकरची, आणि सबंध वाटेवरील सर्वांत कच्चा दुवा हाच आहे. विद्युत्प्रवाहानें गुंडाळी हलवून कागदाचा शंकु कांपविण्याची जी पद्धति राइस व केलॉग यांनीं १९२५ सालीं प्रसिद्ध केली, तीच थोड्याफार फरकानें आजही चालते. या यंत्रास मिळालेल्या विद्युच्छक्तीच्या शंभर भागांपैकीं बहुधा एक भाग किंवा त्याहूनही कमी ध्वनिरूपानें बाहेर पडतो. बाकीचा उष्णतेंत जातो. शिवाय त्याच्यावर सोंपविलेलें काम जवळजवळ अशक्य कोटींतलें आहे. हवेंत ध्वनि सेकंदास सुमारें ३४३ मीटर जातो. म्हणून २० कंपनांच्या खर्जाची एक लाट सुमारें १७ मीटर लांब असते, तर २०,००० कंपनांची लाट अवघी १·७ सेंटिमीटर. एवढी मोठी व एवढी लहान लाट एकाच पडद्यानें उठवावी, ही अपेक्षा म्हणजे एकाच हत्यारानें विहीर खणावी व सुपारीही कातरावी अशी अपेक्षा होय. म्हणून खर्जास मोठा शंकु व तीव्र स्वरांस लहान घुमट अशी कामाची वांटणी करितात. कोणी कर्णे लावतात. त्यांनीं थोड्या शक्तींत मोठा आवाज होतो. कोणी, इंग्लंडांतील पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीनें १९५७ सालीं बाजारांत आणल्याप्रमाणें, विद्युद्भारित पातळ पापुद्राच कांपवितात. प्रत्येकाचा गुण निराळा, दोषही निराळा. तेव्हां प्रदर्शनांतील दोन खोल्यांमध्यें जो खरा, निर्विवाद, कोणासही ऐकूं येणारा फरक असतो, तो बहुतेक लाउडस्पीकरचा असतो.

बहुतेक म्हणण्याचें कारण पांचवी पायरी. ती कोणी विकावयास मांडीत नाहीं, आणि म्हणूनच ती प्रेक्षकांच्या ध्यानांत येत नाहीं. ती म्हणजे स्वतः खोली. पांच मीटर लांबीच्या खोलींत ३४ कंपनांच्या सुमारास खर्ज समोरासमोरच्या भिंतींवर आदळून जागच्या जागीं घुमूं लागतो. भिंतीलगत बसलेल्या श्रोत्यास तो छातीवर आदळल्यासारखा वाटतो, तर मध्यभागीं बसलेल्यास तोच जवळजवळ नाहींसा होतो. यंत्र एकच, गाणें एकच. खुर्ची मात्र दोन हात सरकली. त्यांतून प्रदर्शनांतील खोल्या पातळ भिंतींच्या, गर्दीनें भरलेल्या व शेजारच्या खोलींतील ढोलताशांनीं गाजणाऱ्या. अशा ठिकाणीं एखादा संच वाईट वाटला तर त्यास लगेच दोष देऊं नये, आणि उत्तम वाटला तर तो आपल्या घरींही तसाच वाजेल असें मानूं नये. घरीं जाड पडदा, सतरंजी, पुस्तकांनीं भरलेलें कपाट, इतक्यानें आवाजांत जी सुधारणा होते ती पुष्कळदां महागड्या पेटीनेंही होत नाहीं.

आतां खऱ्या अडचणीकडे वळूं. इमान पाहावयाचें तर मूळ वस्तु समोर हवी. जुन्या काळच्या कारखानदारांस हें ठाऊक होतें. १९१५ पासून एडिसनची कंपनी गांवोगांव असे जलसे करी कीं, गायिका यंत्राशेजारीं उभी राहून गाई, मध्येंच गप्प होई, आणि गाणें तबकडीवरून पुढें चाले. कित्येकदां दिवेही मालवीत. १९५४ सालीं गिल्बर्ट ब्रिग्ज या इंग्रज कारखानदारानें लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्यें हजारों श्रोत्यांपुढें प्रत्यक्ष वादन व ध्वनिमुद्रण एकामागून एक ऐकविलें. त्या जलशांत जाहिरातबाजी होतीच, तथापि निदान तुलनेस मूळ वस्तु हजर होती. आजच्या प्रदर्शनांत गायिका नसते. तिनें कसें गाइलें होतें हें खोलींत कोणासच ठाऊक नसतें. अशा स्थितींत ‘हें खरें वाटतें’ असें आपण म्हणतों, तेव्हां ‘हें मला आवडतें’ एवढाच त्याचा अर्थ असतो.

आणि आवडीस फसविणें फार सोपें आहे. दोन अगदीं सारख्या यंत्रांपैकीं एक किंचित् मोठ्यानें वाजविलें, इतकें किंचित् कीं मोठेपणा वेगळा कळूं नये, तर श्रोते त्यासच अधिक स्वच्छ व जिवंत म्हणतात. दुसरी फसवणूक डोळ्यांची. १९९४ सालीं फ्लॉइड टूल व शॉन ऑलिव्ह या संशोधकांनीं ४० श्रोत्यांस तेच लाउडस्पीकर एकदां पडद्याआड व एकदां उघड्यावर ऐकविले. उघड्यावर ऐकतांना आकार, रूप व कारखान्याचें नांव पाहून गुण बदलले. पडद्याआड जे फरक ऐकूं येत होते, त्यांकडे डोळे उघडतांच दुर्लक्ष झालें. हे श्रोते अडाणी नव्हते. त्याच धंद्यांतील होते. तात्पर्य, विद्वत्तेनें हा मोह टळत नाहीं; पडद्यानें टळतो.

अंकांच्या वादाचाही असाच निकाल लावण्याचा प्रयत्न झाला. २००७ सालीं मेयर व मोरन यांनीं अधिक सूक्ष्म मापाचें ध्वनिमुद्रण आणि तेंच ध्वनिमुद्रण कॉम्पॅक्ट डिस्कच्या मापांतून गाळलेलें, हीं दोन्ही न सांगतां ऐकवून ५५४ चांचण्या घेतल्या. त्यांपैकीं २७६ उत्तरें बरोबर आलीं. नाणें उडवून उत्तरें दिलीं असतीं तरी साधारण इतकींच आलीं असतीं. पुढें २०१६ सालीं जोशुआ रीस यांनीं १८ निरनिराळ्या प्रयोगांतील बारा हजारांहून अधिक चांचण्या एकत्र तपासल्या. तेव्हां बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ५२·३ निघालें, आणि शिकविलेल्या श्रोत्यांत तें अधिक होतें. म्हणजे फरक अगदींच नाहीं असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं, परंतु तो असलाच तर केसाएवढा आहे. सत्यशोधकानें दोन्ही आंकडे जवळ ठेवावे. सोयीचा तेवढा उचलूं नये.

तारांविषयीं तर फार बोलबाला असतो. प्रदर्शनांत मनगटाएवढ्या जाड व रेशमी वेष्टनाच्या तारा दिसतात. येथें साधें अंकगणित उपयोगी पडतें. दीड चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची साधी तार तीन मीटर नेऊन परत आणली, तर तिचा विरोध सुमारें ०·०७ ओहम होतो. समोर आठ ओहमचा लाउडस्पीकर असेल, तर हा विरोध त्याच्या शंभराव्या भागाहूनही कमी. अशा ठिकाणीं हजारों रुपयांची तार घेतल्यानें कानांत काय पडेल, हें वाचकांनींच ठरवावें.

मग प्रदर्शनांत जाऊन ऐकावें तरी कसें ? आमची सूचना अशी. प्रथम, जें गाणें आपण लहानपणापासून ऐकत आलों, तेंच बरोबर न्यावें. दुकानदाराचें गाणें त्याच्या यंत्राच्या सोयीचें असतें. दुसरें, तंबोऱ्याकडे लक्ष द्यावें. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यांतून अनेक उपस्वरांची जी झालर उठते, ती जर एकसुरी गुणगुण होऊन आली, तर यंत्रांत कांहीं उणें आहे. तिसरें, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा ऐकावा. प्रत्येक आघात सुटा सुटा उमटला पाहिजे, ओल्या पोत्यावर काठी मारल्यासारखा नव्हे. चौथें, आपल्या मराठीचाच उपयोग करावा. ‘चार’ आणि ‘चारा’ या शब्दांतील दोन्ही च आपण निरनिराळे उच्चारतों. त्यांतील भेद मुख्यत्वें उंच कंपनांच्या खरखरींत राहतो. ज्या यंत्रांतून हा भेद सहज कळतो, त्याचे तीव्र स्वर ठीक आहेत असें समजावें. मनुष्याचा आवाज हा आपल्या सर्वांच्या परिचयाचा असल्यामुळें त्याच्याइतका उत्तम परीक्षक दुसरा नाहीं.

आणि दोन यंत्रांत खरोखर फरक आहे कीं नाहीं, हें ठरवावयाचें असेल, तर एक प्रयोग विद्यार्थ्यांस शाळेंतही करतां येईल. दोन्हींचा आवाज मोजून अगदीं सारखा करावा. मध्यें पडदा टांगावा. एकानें नाणें उडवून, जें येईल त्याप्रमाणें यंत्र वाजवावें. दुसऱ्यानें तें कोणतें हें ओळखून लिहावें. असें दहा वेळां करावें. केवळ नशिबानें दहांपैकीं नऊ किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शंभरांत सुमारें एक असतो. तेव्हां नऊ बरोबर आलीं तर फरक आहे असें मानण्यास हरकत नाहीं. पांच-सहा आलीं तर निमूटपणें स्वस्त यंत्र घ्यावें. या प्रयोगास पैसा लागत नाहीं. लागतो तो आपलें मत खोटें ठरलें तर तें मान्य करण्याचा मोकळेपणा, आणि तो मात्र कोणत्याच दुकानांत मिळत नाहीं.

एक गोष्ट राहिली, आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. वर सांगितलेल्या सर्व पायऱ्यांच्या शेवटीं जें यंत्र आहे तें आपण विकत घेतलेलें नाहीं. तें देवानें दिलेलें आहे, व बिघडलें तर दुसरें मिळत नाहीं. अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेच्या शिफारशीप्रमाणें ८५ डेसिबलचा आवाज दिवसांत आठ तासांहून अधिक ऐकूं नये, आणि पुढें दर तीन डेसिबलांस हा वेळ निम्मा होत जातो. या हिशेबानें १०० डेसिबलचा आवाज पंधरा मिनिटांहून अधिक सोसूं नये. मिरवणुकींतील भिंतीएवढ्या लाउडस्पीकरांपुढें जे तरुण तास तास नाचतात, किंवा कानांत बोंडें घालून आवाज पूर्ण चढवितात, ते आपल्या अंतःकर्णांतील सूक्ष्म केसयुक्त पेशी कायमच्या गमावीत असतात. त्या पेशी मनुष्यांत पुन्हां उगवत नाहींत. ज्यानें विसाव्या वर्षीं कान बिघडविले, त्यास चाळिसाव्या वर्षीं कोट्यवधि रुपयांचा संचही तंबोऱ्याची झालर परत देऊं शकणार नाहीं.

शेवटीं आपल्याच भूमीचें एक उदाहरण सांगून हा लेख पुरा करितों. गोव्यांतील केरी गांवीं जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांनीं गाइलेली भैरवी अमेरिकेनें १९७७ सालीं अंतराळांत पाठविलेल्या दोन्ही व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरलेली आहे. तें गाणें सुमारें साडेतीन मिनिटांचें. जुन्या तबकडीच्या एका बाजूंत मावेल इतकेंच. त्या बाईंपुढें आजची यंत्रें नव्हतीं, दोन कानांसाठीं दोन वाटांचें मुद्रणही नव्हतें. तरी जगांतील निवडक संगीताबरोबर तें पाठवावें असें जाणत्यांस वाटलें. त्या तबकडीबरोबर सुई दिली आहे, आणि ती कशी वाजवावी याची आकृतिही वेष्टनावर कोरली आहे. ऐकणारा कोण असेल हें ठाऊक नसतां, त्यास गाणें जसें आहे तसें पोहोंचावें एवढीच काळजी तेथें घेतलेली दिसते. ‘हायफाय’ या शब्दाचा मूळ अर्थ हाच होता. चांगलीं यंत्रें बनविणाऱ्या कुशल कारागिरांचा आम्ही आदर करितों, व ज्यास ऐपत आहे त्यानें तीं घेण्यांत पाप आहे असेंही म्हणत नाहीं. परंतु आमच्या शाळेच्या विद्यार्थ्यांनीं पेटीच्या किंमतीवरून स्वराची किंमत करूं नये, आणि पैसा जमण्याची वाट न पाहतां आजच, हाताशीं जें साधें यंत्र असेल त्यावर, मन लावून ऐकण्याची संवय करावी, अशी आमची आग्रहाची विनंति आहे.